तेवीस मिनिटांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरीं आली. बी. ए. ला तिनें इतिहास घेतला होता. पुढें मात्र तिनें संगणकाचा मार्ग धरला आणि आतां ती एका रुग्णालयासाठीं आज्ञावली लिहिते. चहा होतांच ती म्हणाली, "सर, एक चमत्कारिक अडचण आहे. रोग्यांना तपासणीची आठवण देणारी सूचना सकाळीं नऊला जावयाची, ती आठ वाजून सदतीस मिनिटांनीं जाते. तासाची चूक असती तर समजलें असतें, अर्ध्या तासाची असती तरी समजलें असतें. पण हीं तेवीस मिनिटें आलीं कोठून?"

तिनें एक कागद पुढें केला. त्यावर तिच्या आज्ञावलीनें तयार केलेली तारीख व वेळ होती आणि तिच्या शेवटीं अधिकाचें चिन्ह करून ०५:५३ असे आंकडे होते. संगणकांतलें मला फारसें कळत नाहीं. परंतु हा आंकडा ओळखीचा होता. पांच तास त्रेपन्न मिनिटें म्हणजे कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ. "तूं भारताची वेळ मागितलीस हें ठीक," मीं म्हटलें, "पण तुला ती एकोणिसाव्या शतकांतली मिळाली." त्या संध्याकाळीं आमचें जें बोलणें झालें तेंच कांहींसें व्यवस्थित करून येथें मांडतों. घड्याळाकडे आपण दिवसांतून वीस वेळां पाहतों, पण तें कोणाच्या आज्ञेनें चालतें हें क्वचितच विचारतों.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, "सकाळीं नऊ वाजतां" एवढें म्हटल्यानें कोणताहि क्षण निश्चित होत नाहीं. पृथ्वी चोवीस तासांत एकदां फिरते. म्हणजे रेखांशाच्या एका अंशास चार मिनिटें लागतात. एकाच क्षणीं मुंबईस एक वेळ, नागपुरास दुसरी आणि लंडनला तिसरी असते. हें ज्ञान आपणांस पाश्चात्त्यांपासून मिळालें असें कोणी समजूं नये. लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र ह्यांवरून जाणारी मध्यरेषा आपल्या सिद्धांतग्रंथांनीं मानली होती, आणि त्या रेषेपासून आपला गांव पूर्वेस वा पश्चिमेस किती आहे हें पाहून गणितांत जी दुरुस्ती करावयाची तिला देशांतर-संस्कार असें नांव होतें. साठ घटकांत तीनशें साठ अंश, म्हणून एका अंशास दहा पळें, असा त्याचा साधा हिशेब. मुंबई उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारें तीन अंश. तेव्हां अंतर तीस पळांचें, म्हणजे बारा मिनिटांचें. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालीं प्रसिद्ध झालेला 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ ज्यांनीं चाळला असेल त्यांना हा विषय नवा नाहीं.

संगणकाला हाच देशांतर-संस्कार नव्या वेषांत करावा लागतो. त्याच्यापाशीं सूर्य नाहीं आणि गांवहि नाहीं. पुष्कळशीं संगणकयंत्रें १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद गेले एवढेंच मोजतात. माणसाची तारीख त्यांना द्यावयाची तर ती ग्रीनिचपासून किती पुढें वा मागें आहे हेंहि सांगावें लागतें. ह्या अंतरास संगणकवाले ऑफसेट म्हणतात. १९८८ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणें आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास, मिनिटें व सेकंद, आणि सर्वांच्या शेवटीं हें अंतर लिहितात. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीं आपला देश स्वतंत्र झाला. ही वेळ नुसती लिहिली तर यंत्राला ती अर्धवट कळते. तिच्यापुढें 'अधिक साडेपांच तास' असें लिहिलें कीं क्षण निश्चित होतो. त्या क्षणीं ग्रीनिचच्या वेळेनें १४ ऑगस्टचे सायंकाळचे साडेसहा वाजले होते, आणि १९७० च्या आरंभबिंदूपासून तो क्षण ७० कोटि ६३ लक्ष ३९ हजार ८०० सेकंद मागें आहे.

येथपर्यंत सारें गणित आहे. परंतु 'साडेपांच' हा आंकडा गणितांतून निघत नाहीं, आणि खरा इतिहास येथूनच सुरू होतो. मुंबईचा रेखांश सुमारें बहात्तर अंश पन्नास कला. म्हणजे तिची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या पुढें चार तास एक्कावन्न मिनिटें. कलकत्त्याची पांच तास त्रेपन्न, मद्रासची पांच तास एकवीस. आगगाडी येण्यापूर्वीं ह्या भेदाचा कोणालाच त्रास नव्हता. पुण्याहून मुंबईस चालत वा टांग्यानें जाणाऱ्या मनुष्यास चार मिनिटांचा फरक काय जाणवणार! आगगाडी व तारायंत्र आलें आणि प्रत्येक गांवाची वेळ ही अडचण होऊन बसली. मद्रासेस १७९२ पासून वेधशाळा होती, आणि तें शहर वेळेच्या दृष्टीनें मुंबई व कलकत्ता ह्यांच्या जवळजवळ मध्यावर होतें. तेव्हां सुमारें १८७० पासून हिंदुस्थानांतील रेल्वे मद्रास टाइमनें चालूं लागल्या. स्टेशनांत एक वेळ आणि गांवांत दुसरी, अशी दोन घड्याळांची संसारयात्रा लोकांनीं निमूटपणें पत्करली.

निमूटपण संपलें तें सरकारनें स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्यावर. १८८१ सालच्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनीं सरकारी कचेऱ्यांत मद्रास टाइम चालू केला. मुंबईकरांस हें मुळींच रुचलें नाहीं. आपल्या डोक्यावरचा सूर्य सोडून दूरच्या एका शहराच्या सूर्याप्रमाणें आपण कां उठावें, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटीं १८८३ सालीं सरकारास माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षीं वॉशिंग्टन येथें पंचवीस राष्ट्रांची परिषद भरून बावीस मतांनीं ग्रीनिचची रेषा जगाची मूळरेषा ठरली, आणि ग्रीनिचपासून पूर्ण वा अर्ध्या तासांच्या अंतरानें देशोदेशींच्या वेळा बांधण्याचा मार्ग मोकळा झाला.

हिंदुस्थानाकरितां साडेब्यायशीं अंशांची रेषा निवडली गेली. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ह्या रेषेची वेळ ग्रीनिचपुढें बरोबर साडेपांच तास येते. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ अमलांत आली. वंगभंगास तेव्हां अवघे अडीच महिने झाले होते. सरकारनें लोकांस न विचारतां केलेली कोणतीहि गोष्ट संशयानें पाहिली जाण्याचे ते दिवस. मुंबईचीं घड्याळें एकाएकीं एकोणचाळीस मिनिटें पुढें सरकावयाचीं होतीं. कचेरींतल्या बाबूला ही गैरसोय वाटली असेल; गिरणींतल्या कामगाराला ती त्याहून फार मोठी होती. विजेच्या दिव्यांमुळें गिरण्या आधींच रात्रीं उशिरापर्यंत चालूं लागल्या होत्या. नव्या घड्याळाचे सहा म्हणजे सूर्याचे पांच वाजून एकवीस मिनिटें; दिवसाची दुसरी कडाहि आतां कातरली जाणार, असें त्यास वाटलें तर नवल काय? जानेवारीच्या आरंभींच शहराच्या बाहेरील भागांतील कित्येक हजार कामगारांनीं काम नाकारलें आणि गिरण्यांवर दगडफेक झाली. नगरपालिकेनेंहि त्याच वर्षीं आपलीं घड्याळें पुन्हां मुंबई टाइमवर नेलीं. 'घड्याळांची लढाई' म्हणून गाजलेला हा तंटा थोडाथोडका नव्हे, स्वातंत्र्यानंतरहि कांहीं वर्षें पुरला. कलकत्त्यानेंहि आपली वेळ १९४८ पर्यंत सांभाळली. जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या पुढें 'स्टँ. टा.' हीं अक्षरें कां छापलेलीं असत, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. मुहूर्त कोणत्या घड्याळाचा हें सांगितल्याविना अक्षता घेऊन येणारा पाहुणा एक तर एकोणचाळीस मिनिटें ताटकळला असता, नाहीं तर त्यास नुसत्या पंगतीवर समाधान मानावें लागलें असतें.

एवढ्यावरहि साडेपांचाचा आंकडा स्थिर राहिला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत दिव्यांची व कोळशाची काटकसर म्हणून घड्याळें एक तास पुढें नेलीं. मधला एक लहानसा खंड सोडला तर १ ऑक्टोबर १९४१ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थान ग्रीनिचच्या पुढें साडेसहा तास होता. काटे मागें घेतले तेव्हां एक तास दोनदां आला. त्या तासांत घडलेली गोष्ट पहिल्या फेरींत घडली कीं दुसऱ्या, हें अंतराचा आंकडा जोडल्याविना सांगतां येणार नाहीं. फाळणीनंतर कराचीचें घड्याळ १९५१ पर्यंत आपल्याबरोबर होतें, मग तें अर्धा तास मागें गेलें. नेपाळनें १९८६ च्या आरंभीं आपलें घड्याळ पाऊण तासाच्या हिशेबावर नेलें, आणि तेव्हांपासून काठमांडू आपल्या पंधरा मिनिटें पुढें आहे. ह्या सर्व ठिकाणीं सूर्य होता तेथेंच होता. बदलल्या त्या सत्ता आणि सोयी.

म्हणूनच संगणकाच्या व्यवहारांत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: अंतराचा आंकडा आणि प्रदेशाचें नांव. आंकडा घडून गेलेला क्षण पक्का करतो. नांव त्या प्रदेशाचा सारा नियम, त्याचा भूतकाळ आणि उद्यां होणारा फेरफारहि, आपल्याबरोबर वागवितें. न्यूयॉर्कमध्यें पुढच्या वर्षीं अमुक तारखेस दहा वाजतां सभा आहे असें लिहावयाचें तर आंकड्यापेक्षां नांव लिहिणें शहाणपणाचें, कारण मधल्या काळांत तेथील कायदा बदलला तरी सभा दहालाच भरणार. उलट, काल दहा वाजतां पैसे भरले ही नोंद कोणत्याहि कायद्यानें हलतां कामा नये. तेथें आंकडा हवा. जावा ह्या संगणकभाषेंत २०१४ सालीं आलेल्या नव्या कालव्यवस्थेंत ह्या दोहोंसाठीं दोन निराळे प्रकारच केले आहेत.

हे प्रदेशांचे नियम कोठें लिहिलेले असतात? ह्याचें उत्तर मला त्या संध्याकाळीं माझ्या विद्यार्थिनीकडून मिळालें. १९८० नंतरच्या दशकांत आर्थर डेव्हिड ओल्सन ह्या अमेरिकन गृहस्थानें एक तक्ता करावयास घेतला. पुढें पॉल एगर्ट ह्यांनीं तो सांभाळला व वाढविला. जगांतील बहुतेक संगणक व हातांतले दूरध्वनि आज त्याच तक्त्यावर अवलंबून असतात. त्यांत आपला देश 'एशिया/कोलकाता' ह्या नांवाखालीं येतो. २००८ पूर्वीं तेथें 'कलकत्ता' होतें. त्या नांवाखालीं ओळीमागून ओळ इतिहास आहे: १८५४ पर्यंत पांच तास त्रेपन्न मिनिटें अठ्ठावीस सेकंद, मग आठ सेकंदांनीं कमी, १८७० पासून मद्रासची वेळ, १९०६ पासून साडेपांच, मग युद्धकाळचे साडेसहा, आणि पुन्हां साडेपांच. प्रत्येक ओळ म्हणजे एक हुकूमनामा होय.

आतां तेवीस मिनिटांचें कोडें सुटतें. पायथॉन नांवाच्या संगणकभाषेंत पुष्कळ वर्षें वापरांत असलेलें एक साधन आहे. त्याच्याकडून प्रदेश घेऊन तो तारीख घडवितांनाच तिला सरळ चिकटविला, तर तारीख कोणत्या काळांतली आहे हें तपासण्याची संधिच त्या साधनास मिळत नाहीं. तें तक्त्याची अगदीं पहिली ओळ, पूर्ण मिनिटांत करून, हातीं देतें. ती ओळ कलकत्त्याची. आधीं तारीख घडवावी, मग ती त्या साधनाच्या स्वाधीन करून 'हिला योग्य ओळ शोध' असें सांगावें, ही त्याची खरी रीत. आणि २०२० सालापासून त्या भाषेंत जें नवें साधन आलें आहे तें ही निवड आपण होऊन करतें. माझ्या विद्यार्थिनीनें पहिली चूक केली होती. तिची आज्ञावली नऊ वाजतां म्हणे, पण ते नऊ १८५४ पूर्वींच्या कलकत्त्याचे. आपल्या घड्याळांत तेव्हां आठ वाजून सदतीस मिनिटेंच झालेलीं असत.

हें ऐकून ती म्हणाली, "मग सर, ह्या तक्त्यांत मुंबई टाइम कोणत्या ओळींत आहे?" आम्ही तक्ता उघडला. मुंबई टाइमला त्यांत ओळ नाहीं. १९७० नंतर ज्यांचीं घड्याळें परस्परांपासून भिन्न चाललीं तेवढ्याच प्रदेशांना त्यांत निराळें नांव द्यावें, असा त्या तक्त्याचा नियम आहे. आणि १९७० पर्यंत मुंबईची लढाई संपलेली होती. कलकत्त्यानें १९४८ पर्यंत राखलेली वेळहि त्यांत नाहीं. तिच्या जागीं रेल्वेची व सरकारची वेळ आहे. १९०६ सालच्या गिरणी कामगारांच्या दंग्याचा उल्लेख मात्र तक्त्याच्या टिपणांत आढळला. परंतु टिपणें माणसांसाठीं असतात. संगणक तीं वाचीत नाहीं. १९१० सालच्या मुंबईंतील नऊ वाजले म्हणून त्याला विचारावें, तर तो शांतपणें साडेपांचाचा हिशेब करील आणि ज्या एकोणचाळीस मिनिटांसाठीं माणसें रस्त्यावर आलीं तीं त्याच्या लेखीं झालींच नाहींत.

ह्याबद्दल तक्ता करणारांस दोष देणें अन्यायाचें होईल. हें काम त्यांनीं बहुतांशीं निरपेक्ष बुद्धीनें केलें आहे. २०११ सालीं ज्योतिषविषयक व्यवसाय करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेनें त्यांतील जुन्या नोंदींवर हक्क सांगून त्या दोघांवर फिर्याद केली आणि कांहीं दिवस तक्ता मूळ ठिकाणाहून काढावा लागला. पुढें इंटरनेटच्या नांवांची व आंकड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळानें तो आपल्या छायेखालीं घेतला व फिर्यादहि मागें घेण्यांत आली. ज्योतिषवाल्यांनीं ह्या जुन्या वेळांसाठीं भांडावें ह्यांत आश्चर्य नाहीं. जन्मवेळेंत तासाचा फरक पडला तर लग्नरास बदलण्याचा संभव असतो. तेव्हां कोणत्या सालीं कोणतें घड्याळ चालत होतें ह्याची आस्था त्यांना असते, आणि खरें सांगावयाचें तर ती आम्हां इतिहासाच्या अध्यापकांनाहि इतकी नसते.

मला ती आस्था उत्पन्न झाली ती घरच्या एका वहीमुळें. माझे आजोबा गिरगांवांत शिक्षक होते. त्यांच्या रोजनिशींत जानेवारी १९४४ मधील एका पानावर माझ्या वडिलांच्या जन्माची नोंद आहे: सकाळीं सात वाजतां मुलगा झाला, बाहेर अजून काळोख होता. कोणतें घड्याळ तें त्यांनीं लिहिलें नाहीं. पाहणाऱ्यास तें ठाऊक असणारच अशी त्यांची समजूत असावी. वडील होते तोंवर आम्हीं ह्या ओळीचा विचार केला नाहीं, आणि त्यांच्या पत्रिकेंतहि सात ही वेळ तशीच धरलेली आहे. जानेवारींत मुंबईस आजच्या प्रमाणवेळेनें सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. ते सात मुंबई टाइमचे असते तर ऊन खिडकींत आलेलें असतें. ते नेहमींच्या प्रमाणवेळेचे असते तरी चांगलें उजाडलेलें असतें. काळोख असावयाचा तर घड्याळ युद्धकाळचेंच असलें पाहिजे. म्हणजे आजच्या हिशेबानें माझे वडील सहा वाजतां जन्मले. माझा पत्रिकेवर विश्वास नाहीं. पण ज्या मनुष्याच्या हाताला धरून मी चालावयास शिकलों तो जगांत केव्हां आला, हें साठ मिनिटांनीं चुकीचें ठाऊक असावें ह्याचें मला वाईट वाटलें. हाच दिवस व हीच वेळ आम्हीं संगणकास 'एशिया/कोलकाता' ह्या नांवासह दिली, ह्या खेपेस योग्य रीतीनें. आणि त्यानें कांहींएक न विचारतां 'अधिक साडेसहा' असें उत्तर दिलें. मुंबईला विसरलेल्या त्या तक्त्यानें माझ्या आजोबांच्या काळोखाला साक्ष दिली!

असो. विद्यार्थिनीची आज्ञावली दुसऱ्या दिवशीं दुरुस्त झाली आणि रोग्यांना आठवण नऊ वाजतां जाऊं लागली. माझें म्हणणें थोडकेंच आहे. घड्याळाचा आंकडा निसर्गानें दिलेला नाहीं, तो माणसांनीं ठरविलेला आहे. आणि ठरवितांना कोणी तरी जिंकलें, कोणी तरी हरलें. ज्यांचें काम यंत्राला तारखा शिकविण्याचें आहे त्यांनीं 'अधिक साडेपांच' हीं अक्षरें सवयीनें न लिहितां, कोठला दिवस, कोणतें साल आणि कोणाचें घड्याळ, एवढें एकदां स्वतःस विचारावें. ज्यांचें तें काम नाहीं अशा आपणां सर्वांनींहि घरांतल्या वहींत मुलाचा जन्म वा वडीलमाणसांचें निधन टिपतांना वेळेपुढें दोन अक्षरें अधिक लिहावीं. माझ्या आजोबांनीं तीं लिहिलीं नाहींत. त्यांनीं काळोखाचा उल्लेख केला म्हणून मी वांचलों.